बार्शी रोड ते लातूर रोड

आगगाडीचे वेळापत्रक करमणुकीसाठी वाचणारे लोक जगात फार नसतील. जे थोडे आहेत त्यांत माझी गणना करावी. कथा-कादंबऱ्यांत जे सापडत नाही ते कधीकधी या रुक्ष कोष्टकांत सापडते. उदाहरणार्थ, काही स्टेशनांच्या नावांना ‘रोड’ असे एक शेपूट लावलेले असते. हे शेपूट दिसले, की जाणत्या प्रवाशाने समजून घ्यावे : येथे उतरल्यावर गाव लागणार नाही, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा लागेल. पुढचे अंतर बैलगाडीने, टांग्याने, नाहीतर पायी काटायचे. ‘रोड’ ही रेल्वेने त्या गावाची मागितलेली माफीच म्हणायची. आम्ही तुमच्या जवळून गेलो, पण तुमच्याकडे आलो नाही!

अशी नावे देशभर पुष्कळ आहेत. त्यांतली दोन मात्र आम्हां मराठवाडेकरांच्या इतिहासाची आहेत. एक बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी. दुसरे लातूर रोड. पहिले नाव केव्हाच पुसले गेले, दुसरे अजून शाबूत आहे. या दोन पाट्यांच्या दरम्यान सव्वाशे वर्षांची हकीकत पसरलेली आहे. उतारूंची रेल्वे कशाने खालावते आणि खालावलेली रेल्वे कशाच्या बळावर पुन्हा उभी राहते, हा प्रश्न हल्ली जगभर विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नांदेड आणि लातूर या दोन गावांच्या रुळांकडे नीट पाहिले तरी पुरे.

आणि हा विषय दिवाळीतच काढावा, हेही योग्य. कारण हा अंक हाती घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरात ‘फराळ झाला का?’ या प्रश्नाच्या आधी महिनाभर ‘तिकीट मिळाले का?’ हाच प्रश्न घुमत असतो.

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १८५३ साली. निजामाच्या राजधानीला आगगाडी पोचायला त्यानंतर एकवीस वर्षे लागली. १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग सुरू झाला. राजधानी मुंबई-मद्रासच्या मुख्य मार्गाला जोडली गेली, इंग्रजी छावणीची सोय झाली. मराठवाड्याला मात्र तो मार्ग शिवलाही नाही.

पुढे १८८३ च्या सुमारास चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, रूळ नेण्याची योजना निघाली. भांडवल लंडनच्या बाजारात उभे करायचे आणि त्यावरच्या व्याजाची हमी निजामाच्या खजिन्याने द्यायची, असा तो व्यवहार होता. हैदराबादच्या काही सुशिक्षितांनी विचारले, की या हमीचा बोजा शेवटी पडणार कोणावर? प्रश्न साधा होता. पण तो विचारणाऱ्यांत पुढे असलेले डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना त्यापायी राज्याबाहेर जावे लागले. सरोजिनी नायडूंचे हे वडील. हैदराबाद संस्थानातल्या आरंभीच्या सार्वजनिक चळवळींपैकी एक चळवळ एका रेल्वेच्या हिशेबावरून उभी राहिली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. रेल्वेचा जमाखर्च हा आमच्याकडे पहिल्यापासूनच राजकारणाचा विषय आहे.

कंपनी निघाली तिच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. नफा झाला तर भागीदारांचा, तूट आली तर रयतेची, इतका त्या शब्दाचा अर्थ सरळ होता. याच कंपनीच्या छत्राखाली एकोणिसावे शतक संपता संपता गोदावरी खोऱ्याचा मार्ग झाला. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, निजामाबाद करीत सिकंदराबादेस पोचणारा हा सुमारे ३९० मैलांचा रूळ. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाचे आणि हा रूळ पडण्याचे दिवस जवळजवळ एकच. नांदेडला गोदाकाठ होता, १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी जेथे देह ठेवला तो गुरुद्वारा होता, पुढे उस्मानशाही मिल झाली. आता त्यांच्या जोडीला आगगाडी आली. १९१२ साली पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला. नांदेडचे नशीब असे, की गाडी गावातच आली. ‘नांदेड रोड’ असे स्टेशन कधी झाले नाही.

पण एक गोम होती. हा रूळ मीटरगेज होता. मुंबईकडून येणारा मोठा रूळ साडेपाच फूट रुंद, हा जेमतेम सव्वातीन फूट. लहान रुळाला खर्च कमी येतो, म्हणून सरकारने १८७० पासून तो पुष्कळ ठिकाणी पसंत केला होता. खर्च वाचला तो एकदाच. त्याची भरपाई मात्र पुढे नव्वद-पंच्याण्णव वर्षे रोज करावी लागली. कशी, ते पुढे येईलच.

आता दुसऱ्या टोकाला, बार्शीकडे वळू. मुंबई-पुणे-सोलापूर हा मोठा मार्ग बार्शीपासून वीस-बावीस मैलांवरून गेला होता. बार्शी ही तेव्हा कापसाची मोठी पेठ. गाठोडी बैलगाड्यांत लादून बार्शी रोडला आणायची, पावसाळ्यात चाके चिखलात रुतायची, व्यापारी कपाळाला हात लावायचा. या त्रासावर उपाय शोधला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने. हा गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. त्याचे म्हणणे असे, की गरीब मुलखाला मोठ्या रुळाचा खर्च झेपत नाही हे खरे. म्हणून त्याला रूळच द्यायचा नाही हे मात्र खोटे. केवळ अडीच फूट रुंदीचा रूळ टाकावा, तो हलका असावा, आणि गाडीतल्या कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडणार नाही अशा बेताने इंजिने, डबे आणि वाघिणी बांधाव्यात. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, की हलका रूळही मोठे ओझे पेलतो. चार खांदेकऱ्यांनी पालखी उचलावी तसे हे गणित आहे. एकट्याच्या खांद्यावर दिली तर तो बसेल, चौघांनी घेतली तर नाचवीत नेतील.

कॅलथ्रॉपने सरकारदरबारी अनेक वर्षे खेटे घातले. १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी अशी छोटी गाडी धावू लागली. १९०६ साली ती पंढरपुरास पोचली, १९११ साली लातुरास, आणि १९२७ साली पंढरपूरहून मिरजेस. एकूण लांबी दोनशे दोन मैल. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारला. मधल्या काळात या माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांचे प्राण वाचावेत म्हणून एक हवाई छत्रीही तयार केली होती. पडणाऱ्याला अलगद खाली कसे उतरवावे आणि जड ओझे हलक्या रुळावरून कसे न्यावे, या दोन्ही प्रश्नांत भार वाटण्याचीच विद्या आहे, असे मला वाटते.

लातूरचे रूप या गाडीने पालटले. गाडी आली १९११ साली. १९१७ साली गंजगोलाई उभी राहिली. मध्ये वर्तुळाकार पेठ आणि तिच्यापासून सूर्याच्या किरणांसारखे फुटलेले सोळा रस्ते. ज्या गावाला माल बाहेर धाडायची वाट नाही, ते गाव अशी पेठ कशाला बांधील? बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली शिक्का. तिकडचा कायदा वेगळा, इकडची जकात वेगळी. रूळ मात्र एकच. संस्थाने विलीन होण्याच्या कितीतरी आधी आमच्या भागात ज्वारी, तूर, सरकी आणि वारकरी यांचे विलीनीकरण या अडीच फुटी रुळाने करून टाकले होते.

या गाडीला लोक ‘बार्शी लाईट’ म्हणत. माझे आजोळ बार्शीचे, त्यामुळे दिवाळी आणि बार्शी लाईट हे माझ्या बाळपणी एकाच गोष्टीचे दोन शब्द होते. मामा मुराळी म्हणून आईला न्यायला येई. लातूरहून निघालो, की हरंगूळ, औसा रोड, मुरूड, ढोकी, तडवळे अशी एकेक स्टेशने घेत गाडी येडशीला येई. तेथे रामलिंगाच्या घाटात इंजिन अशा धापा टाकी, की आम्हां पोरांना त्याची कीव यावी. डबा एवढासा; समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. त्यामुळे ओळख करून घेण्यावाचून गत्यंतरच नसे. बार्शी येईपर्यंत कोणाच्या मुलीचे लग्न कुठे अडले आहे आणि कोणाच्या विहिरीला किती हात पाणी आहे, हे सगळ्या डब्याला ठाऊक झालेले असे. आषाढीला तर गर्दी इतकी लोटे, की मालाच्या वाघिणीही माणसांसाठी जोडाव्या लागत. ‘घाई आहे म्हणून चालत जातो’ हा विनोद जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीच्या नावावर आहे. तो आमच्याही गाडीच्या नावावर होता. पण माझी आजी म्हणे, “यष्टी लवकर नेते रे बाबा, पण धड बसू देत न्हाई, का बोलू देत न्हाई.” वाहतुकीच्या अर्थशास्त्रावर मी पुढे पुष्कळ वाचले; या वाक्याइतके नेमके फारसे काही सापडले नाही.

मग ही गाडी खालावली कशाने? लोक झटकन उत्तर देतात : मोटारीने. ते अर्धेच खरे आहे. मौज अशी, की हैदराबाद संस्थानात सरकारी बस आणली ती रेल्वेनेच. १९३० साली संस्थानाने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि १९३२ साली त्या निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक खात्याने सत्तावीस गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. कल्पना अशी, की बसने खेड्यातून माणसे आणावीत आणि आगगाडीने ती पुढे न्यावीत. म्हणजे दोघी बहिणी होत्या. त्यांना सवती केले ते नंतरच्यांनी. स्वराज्यानंतर रेल्वे एका खात्याची झाली, एस. टी. दुसऱ्याची, आणि स्टेशन एकीकडे व स्टँड दुसरीकडे, असा संसार सुरू झाला.

खरे दुखणे होते ते रुळांच्या तीन रुंद्यांचे. मराठवाड्याच्या एवढ्याशा अंगावर तिन्ही मापांचे रूळ होते. नांदेडला मीटरगेज, परळी-विकाराबाद मार्गावरच्या लातूर रोडला मोठा रूळ, आणि खुद्द लातूरला अडीच फुटी. त्या काळी नांदेडच्या माणसाने लातूरला आगगाडीनेच जायचे ठरवले, तर त्याने मीटरगेजने परभणीवरून परळीस यावे, तेथे मोठ्या गाडीत बसावे, लातूर रोडला उतरावे, आणि तेथून पुढे रूळच नसल्यामुळे बैलगाडी किंवा मोटार पाहावी! कुर्डुवाडीला लातूरच्या तुरीचे प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जाई. मनमाडला नांदेडकडचा कापूस तसाच हलवावा लागे. मालाचा खर्च वाढे, दिवस मोडत, पोती फाटत. ट्रक शेतापासून थेट मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊ लागला, तेव्हा व्यापाऱ्याने त्याला जवळ केले यात नवल ते काय? माल गेला, उत्पन्न घटले; उत्पन्न घटले म्हणून गाड्या घटल्या; आणि गाड्या घटल्या म्हणून उतारूही गेला. रेल्वे अशी पायरीपायरीने खाली येते. कोणी तिला एका दिवसात बंद करीत नाही; सकाळची गाडी दुपारी नेतात, दुपारची रात्री, आणि मग ‘प्रवासीच नाहीत हो’ असे म्हणतात.

बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ रोजी सरकारजमा होऊन मध्य रेल्वेत आली. जगभर तेव्हा लहान रुळांवर संक्रांत आली होती. कॅलथ्रॉपच्याच धर्तीवर इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात १९०४ साली एक छोटी रेल्वे झाली होती. ती १९३४ सालीच बंद पडली, आणि आज तिच्या वाटेवरून लोक फिरायला जातात. १९६३ साली डॉ. बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा प्रसिद्ध अहवाल दिला आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने व सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करावेत असे सुचवले. हिशेब काटेकोर होता. प्रत्येक फाट्याचा खर्च त्या फाट्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहिला होता. पण फाट्यावरून येऊन मुख्य मार्गावर लांबचे तिकीट काढणारा माणूस फाट्याच्या खात्यात नीट मांडला जात नाही. फांदी तोडली तर खोडाला रस जास्त मिळेल, असे वाटणे सोपे असते; पाने कुठे असतात याचा तेवढ्यापुरता विसर पडलेला असतो.

आमची छोटी गाडी मात्र रडतखडत का होईना, चालत राहिली. आणि येथेच या हकीकतीचा कणा आहे. रूळ जुने झाले, इंजिने थकली, वेळापत्रक विनोदाचा विषय झाले. पण वाट रेल्वेच्या मालकीची राहिली. ती विकली गेली नाही, मोडली गेली नाही.

तिकडे मनमाड-सिकंदराबाद मार्गाचे काय चालले होते? १९६० च्या सुमारास हिंगोलीकडचा फाटा अकोल्यावरून खंडव्याला भिडला आणि मीटरगेजची एक लांबलचक साखळी उत्तर-दक्षिण जुळली. मनमाड-काचीगुडा अजंठा एक्सप्रेसची तर मीटरगेजवरच्या वेगवान गाड्यांत गणना होई. पण मुंबईला जाणाऱ्याला मनमाडची रात्र चुकली नाही. माझ्या नोकरीची वर्षे नांदेडला गेली. तेव्हा अवेळी मनमाडच्या फलाटावर ट्रंका, वळकट्या आणि झोपेने पेंगुळलेली मुले घेऊन दुसऱ्या गाडीकडे धावणारी कुटुंबे मी किती पाहिली असतील, याची गणती नाही. पंजाबातून हुजूर साहेबांच्या दर्शनाला येणारे भाविकही तेथेच गाडी बदलत.

हा रूळ रुंद करा, ही मागणी मराठवाड्याने वर्षानुवर्षे केली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सेनानींनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारा ती लावून धरली. सत्याग्रह झाले, निवेदने गेली. १९९० नंतरच्या दशकात मनमाडपासून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत रुंद रूळ मुदखेडपर्यंत आला आणि नव्या शतकाच्या आरंभी सिकंदराबादला भिडला. २००८ साली पूर्णा-अकोला मार्गही रुंद झाला. परिणाम पाहा : नांदेडहून अमृतसरला थेट सचखंड एक्सप्रेस जाऊ लागली, आणि वाटेतल्या स्टेशनांवर शीख बांधव त्या गाडीतल्या उतारूंना लंगर वाढू लागले. गाडी बदलावी लागत नाही, एवढ्या एका गोष्टीने दोन हजार किलोमीटरची एक पंगत मांडली गेली! १ एप्रिल २००३ रोजी नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला. आणि २०२५ च्या ऑगस्टपासून जालना-मुंबई वंदे भारत गाडी नांदेडहून सुटू लागली. पहाटे निघालेला माणूस दुपारी मुंबईला उतरू लागला. मनमाडची रात्र संपली.

लातूरचे भाग्य उघडले ते याच सुमारास. बार्शी लाईटच्या वाटेवर रुंद रूळ पडू लागला. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, जिल्ह्याचे ठाणे असूनही जुन्या गाडीने बाजूला टाकले होते. नव्या रुळाने वळसा घेऊन त्याला पोटात घेतले. २००८ साली लातूर-कुर्डुवाडी रुंद मार्ग पुरा झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरजही. छोटी गाडी गेली. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, मीही केली; पण गाडी गेल्याचे दुःख करताना वाट उरल्याचा आनंद मानायला हवा होता. तो आनंद किती मोलाचा, हे आठ वर्षांनी कळले.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर जन्मात विसरणार नाहीत. लागोपाठची वर्षे पावसाने दगा दिला होता. मांजरा धरण कोरडे पडले. नळ बंद झाले. टाक्यांवर आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. पाण्यासाठी जमावबंदी! आमच्या ओळखीच्या घरांतून माणसे मुलाबाळांना घेऊन परगावी नातलगांकडे जाऊ लागली. आणि मग ११ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींची एक गाडी निघाली, आणि १२ एप्रिलला पहाटेच्या अंधारात लातुरात शिरली. तिच्या पोटात कृष्णाकाठचे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली; एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पावसाळ्यापर्यंत या खेपा चालू राहिल्या. लोकांनी त्या गाडीला हार घातले. तिचे नाव ‘जलदूत’.

जलदूत कोणत्या वाटेने आला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. कॅलथ्रॉपच्या बार्शी लाईटचीच ही वाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत! रूळ अडीच फुटीच राहिला असता, तर त्या मोठ्या वाघिणी या वाटेने येऊच शकल्या नसत्या. आणि मधल्या काळात कोणा हिशेबी माणसाने ‘हा फाटा तोट्यात आहे’ म्हणून रूळ उपटून जमीन विकली असती, तर पाणी आलेच नसते. कोणत्या ताळेबंदात या पंचवीस लाख लिटरांची किंमत मांडणार? रेल्वेची वाट ही विहिरीसारखी असते. रोज किती घागरी उपसल्या यावर तिचा हिशेब होतो, पण गावाला तिचा अर्थ कळतो तो दुष्काळात.

आता कोणी म्हणेल, मग झाले तर. रूळ रुंद झाले, तारा आल्या, वेगवान गाड्या आल्या. रेल्वेचे पुनरुज्जीवन झाले. मला तसे म्हणवत नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरच्या उतारूंच्या गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कित्येक साध्या पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्सप्रेस’ अशी भारदस्त नावे लावून आल्या. दहा रुपयांच्या तिकिटाला तीस रुपये पडू लागले, आणि लहान थांबे गळाले. दर पुन्हा खाली आले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. देशाचा आकडा पाहा : २०१८-१९ साली रेल्वेने ८४० कोटींच्या आसपास प्रवास झाले होते, २०२३-२४ साली ते ६९० कोटींच्या घरात होते. दिवाळीला तिकीट मिळत नाही आणि वर्षाचे उतारू मात्र कमी होतात, हे कोडे वाटेल. पण गळाला तो जवळचा उतारू. दूध घेऊन तालुक्याला जाणारा, कोर्टाच्या तारखेला निघालेला, कॉलेजची मुलगी, बाजारची म्हातारी. लांबच्या गाडीला तो अडगळ वाटतो. मुरूड-ढोकीच्या माणसाच्या डोळ्यांसमोरून गाडी धडधडत जाते, आणि त्याच्या स्टेशनाच्या पाटीवर न लिहिलेले ‘रोड’ त्याला दिसू लागते.

रुळांची रुंदी एक झाली, कचेऱ्यांची मात्र झाली नाही. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. नांदेड त्याच रेल्वेच्या तिसऱ्या विभागात. पूर्वी मनमाडला पोती बदलावी लागत, आता सीमेवर फायली बदलतात. २०१७ साली लातूरची मुंबई गाडी बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकर रस्त्यावर आले. आपल्या स्टेशनावर भरून आलेल्या गाडीत आपल्याला जागा कुठली, हे त्यांचे दुःख खरे होते. पण बिदरकरांची गरजही खोटी नव्हती. एक भाकरी दोघा भावांपुढे टाकली की असेच व्हायचे. आणि नांदेड-लातूर थेट रूळ? तो अजूनही नाही. नांदेडहून गाडी पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घेऊन लातूरला येते. नकाशावर पाहिले तर तोंडाशी असलेला घास मानेमागून हात नेऊन खावा तसे दिसते.

तरीही मी निराश नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडला अहिल्यानगरहून उतारूंची गाडी सुरू झाली. कित्येक पिढ्या ‘बीडला रेल्वे केव्हा?’ हा प्रश्न निवडणुकीच्या सभांतून ऐकत म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या नातवंडांनी गाडी पाहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्ध्याकडचा पहिला तुकडा २०२४ साली कळंबपर्यंत खुला झाला. आणि ज्या लातूरला एकेकाळी रुंद रूळ नव्हता, तेथे मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा राहिला. २५ डिसेंबर २०२० रोजी त्यात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, आणि वंदे भारतचे शयनयान डबे तेथे बांधण्याचा करार २०२३ साली झाला. डबे लातुरात घडावेत आणि ढोकीच्या माणसाला त्यात चढता येऊ नये, एवढे मात्र होऊ नये!

स्कॉटलंडात एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारी एक रेल्वे १९६९ साली तोट्यात म्हणून बंद केली होती. २०१५ साली तिचा सुमारे तीस मैलांचा भाग पुन्हा बांधून सुरू करावा लागला. मधल्या सेहेचाळीस वर्षांत जुनी वाट ठिकठिकाणी तुटली होती, म्हणून काम महाग पडले. त्या लोकांनी जे गमावून, पुन्हा पैसे मोजून मिळवले, ते आमच्याजवळ मोडलेच नव्हते. हे आमचे शहाणपण होते की आमच्या सरकारी दिरंगाईचे अनपेक्षित फळ, याचा निवाडा मी करीत नाही. फळ गोड निघाले खरे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. वेगवान गाड्या असाव्यात. पण त्यांच्या मागेपुढे सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी असावी. तिची वेळ शाळा-कचेरी-बाजाराच्या वेळेशी जुळावी, आणि स्टेशनाच्या दारात एस. टी. उभी असावी. निजामाच्या रेल्वेला १९३२ साली सुचले ते आपल्याला सुचायला हरकत नाही. जी वाट शंभर वर्षे टिकवली तिच्यावरून माणसे चालती ठेवणे, हे नवी वाट बांधण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

बार्शीपर्यंत रूळ गेला, आणि बार्शी रोड हे नावही पुढे पुसले गेले. लातूर रोडहून लातूरला आज गाडी जाते. तरी पाटी तशीच आहे. असू द्या. ती पाहून नव्या पिढीतल्या एखाद्या मुलाने बापाला विचारावे, “बाबा, या स्टेशनाला ‘रोड’ का म्हणतात?” आणि बापाने सांगावे, “पूर्वी, बाळ, इथून पुढे गाडी नव्हती.” हे उत्तर भूतकाळातच राहो, एवढेच या दिवाळीत मागणे.